वस्तीजवळच्या ओढ्यात लांडग्यांची पिल्ले आहेत, काय करावे?

वस्तीकर, उत्तर सोलापूर
(प्रश्न)

नमस्कार. बार्शी रस्त्यालगत, नान्नजपासून फार लांब नसलेल्या एका गावात आमची वडिलोपार्जित साडेचार एकर कोरडवाहू जमीन आहे. मी माध्यमिक शाळेत शिक्षक असून तीन वर्षांपूर्वी शहरातले भाड्याचे घर सोडून आम्ही शेतातच दोन खोल्या बांधल्या आणि पत्नीने जोडधंदा म्हणून उस्मानाबादी शेळ्या घेतल्या. आज अकरा शेळ्या आणि सात करडे आहेत. शेताच्या वरच्या अंगाला माळ आहे, त्याच्या कडेने एक कोरडा ओढा जातो आणि त्या ओढ्याच्या मुरमाड काठात, आमच्या घरापासून साधारण सहाशे पावलांवर, लांडग्यांनी बीळ केले आहे. मागच्या रविवारी धाकट्या मुलाने दुर्बिणीतून चार पिल्ले उन्हात खेळताना पाहिली. सुरुवातीला आम्हाला ती खोकडाची वाटली होती, परंतु संध्याकाळी उंच पायांची एक मादी तिथे आली तेव्हा शंका उरली नाही.

त्याच आठवड्यात शेजारच्या रानात मेंढ्या बसवलेल्या एका मेंढपाळाच्या वाघरीत, म्हणजे मेंढ्यांभोवती लावलेल्या जाळ्यात, रात्री लांडगे शिरले. एक मेंढी त्यांनी ओढून नेली आणि तीन जागीच मारून टाकल्या. न खाता तीन मेंढ्या मारल्या, याचाच गावाला अधिक संताप आला आहे. पारावर चर्चा अशी चालू आहे की बिळाच्या तोंडाशी पाचट पेटवून धूर करावा आणि वर दगड रचून तोंड बंद करावे. एकाने तर मेलेल्या मेंढीवर कीटकनाशक ओतून ती माळावर ठेवण्याची तयारी दाखवली. मला दोन्ही गोष्टी पटत नाहीत, पण माझा मुलगा रोज सकाळी त्याच माळाच्या पायवाटेने सायकलवरून शाळेला जातो, हेही मी विसरू शकत नाही. लांडगा माणसावर, विशेषतः मुलांवर, खरोखर येतो का? अकरा शेळ्या घेऊन त्याच्या शेजारी राहता येते का? की ही जागा मुळात त्याची होती आणि आम्हीच चुकीच्या ठिकाणी घर बांधले? ज्यांना या परिसराचा प्रत्यक्ष अनुभव आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

निवृत्त वनपाल

वस्तीकर सर, मी वनरक्षक म्हणून नोकरीला लागलो आणि वनपाल म्हणून निवृत्त झालो. त्यातील बरीच वर्षे माळढोक पक्ष्याच्या अभयारण्याच्या परिसरातच गेली. आधी जे तातडीचे आहे ते सांगतो. बिळात धूर करणे, त्याचे तोंड बुजवणे, पिल्ले उचलणे आणि विष घातलेले मढे ठेवणे ही चारही कामे कायद्याच्या दृष्टीने गुन्हा आहेत. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात लांडगा पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्याच पंक्तीत, बसलेला आहे आणि त्याच्या शिकारीला तीन ते सात वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. विषाबद्दल बोलणाऱ्या गृहस्थांना कायदा सांगून उपयोग होणार नसेल, तर एवढेच सांगा की विष घातलेले मढे आधी गावची कुत्री खातात, मग कावळे आणि घारी खातात, आणि लांडगा बहुधा सर्वांत शेवटी येतो.

मेंढपाळाने मेलेल्या मेंढ्या पुरल्या किंवा विकून टाकल्या नसतील अशी आशा करतो. नुकसानभरपाईसाठी मढे जागेवरून हलवू नये, ४८ तासांच्या आत जवळच्या वन अधिकाऱ्याला कळवावे (१९२६ या क्रमांकावरही कळवता येते) आणि पंचनामा होईपर्यंत त्यावर फक्त काटेरी झुडपे टाकून ठेवावीत, जेणेकरून कुत्री ते खराब करणार नाहीत. पंचनाम्याला येणारा माणूस आणि पशुवैद्यक काय पाहतात, हे लोकांना ठाऊक नसते आणि तिथेच प्रकरणे अडतात. लांडगा सहसा मेंढीचा गळा धरतो, दातांच्या खुणा खोल आणि मोजक्या असतात. गावकुत्री मागच्या मांड्या, शेपूट आणि पोट फाडतात, त्यामुळे जखमा पुष्कळ आणि वेड्यावाकड्या दिसतात. बिबट्या भक्ष्य ओढून आडोशाला नेतो. माझ्या नोकरीच्या काळात लांडग्याच्या नावावर आलेल्या तक्रारींपैकी बऱ्याच शेवटी मोकाट कुत्र्यांच्या निघाल्या. कुत्र्याने मारलेल्या मेंढीला भरपाई नसते, त्यामुळे ज्याची मेंढी गेली त्याला ती लांडग्यानेच मारली असे वाटणे स्वाभाविक आहे. तुमच्या शेजाऱ्याचे प्रकरण तसे आहे असे मी म्हणत नाही, बीळ एवढे जवळ असताना ते लांडग्याचेच असण्याचा संभव जास्त आहे.

आता बिळाविषयी. आपल्याकडे लांडगी हिवाळ्याच्या तोंडाला विते. पिल्ले दिवसा बाहेर येऊन खेळत आहेत म्हणजे ती महिन्याच्या पुढची असणार. आठ-दहा आठवड्यांची झाली की टोळी बीळ सोडते आणि पिल्लांना एखाद्या झुडपी जागेत ठेवून शिकारीला जाऊ लागते. म्हणजे प्रश्न फार तर आणखी महिनाभराचा आहे. या काळात तिथे माणसांची ये-जा वाढली तर लांडगी एका रात्रीत पिल्ले तोंडात धरून दुसरीकडे नेते, आणि ते दुसरे बीळ तुमच्या घरापासून सहाशे पावलांवर असेल की दोनशे, हे ती तुम्हाला विचारून ठरवणार नाही. म्हणून मुलाला दुर्बिणीतून पाहू द्या, परंतु ओढ्यात उतरू देऊ नका, आणि कोणी छायाचित्रकार विचारत आला तर त्याला जागा सांगू नका.

मेंढपाळाचा मुलगा, मंगळवेढा

गुरुजी, माझे वडील आणि दोन चुलते दिवाळीला हुलजंतीची यात्रा झाली की वाडा, म्हणजे मेंढ्यांचा कळप आणि बिऱ्हाड, घेऊन बाहेर पडत आणि पाऊस पडेपर्यंत घरी येत नसत. मी आता सोलापुरात एका महाविद्यालयात भूगोल शिकवतो, तरी वयाच्या पंधराव्या वर्षापर्यंतच्या कितीतरी रात्री वाघरीच्या कडेला घोंगडीत काढल्या आहेत. म्हणून दोन गोष्टी जरा लांबवून सांगतो.

पहिली गोष्ट वाघरीची. वाघर हे दोरीचे जाळे आहे आणि ते मेंढ्या आत राहाव्यात म्हणून लावलेले असते. लांडगा बाहेर राहावा एवढी ताकद त्यात कधीच नव्हती. लांडग्याला रोखत होती ती माणसे आणि कुत्री. आमच्याकडे रात्री वाघरीच्या चारही कोपऱ्यांना चार जण झोपत, कोकरे विस्तवाजवळ डालग्याखाली ठेवलेली असत आणि तीन कुत्री मोकळी असत, त्यांपैकी थोरल्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा असे, कारण लांडगा कुत्र्याचाही गळाच धरतो. तरीसुद्धा मेंढरू जात असे. वडील सांगत की एक लांडगा वाऱ्याच्या दिशेने मुद्दाम दर्शन देतो, कुत्री त्याच्यामागे धावतात आणि दुसरा उलट बाजूने आत येतो. हे त्याचे ठरलेले डावपेच असतात की आपल्याला रात्रीच्या गोंधळात तसे वाटते, हे मला सांगता येणार नाही, पण कुत्री धावली की सगळ्यांनी त्यांच्यामागे जायचे नाही, दोघांनी उलट बाजूला उभे राहायचे, हा आमच्या वाड्याचा नियम होता आणि तो उपयोगी पडत असे. आज वाड्यावर माणसेच राहिलेली नाहीत. पूर्वी दोनशे मेंढ्यांमागे पाच-सहा माणसे असत, आता नवरा-बायको आणि एक गडी. मुले शाळेत आहेत, आणि ती शाळेतच असावीत. परंतु लांडग्याच्या बाजूने पाहिले तर चारपैकी तीन कोपरे मोकळे झाले.

तीन मेंढ्या न खाता का मारल्या, याविषयी. माळावर दिवसा लांडगा कळपात शिरला तर एक मेंढी धरतो आणि बाकीच्या पांगतात. पळणारे काही उरले नाही की काम संपते. वाघरीत मेंढ्या पांगू शकत नाहीत, त्या त्याच्याभोवतीच गरगर फिरत राहतात, आणि समोर काहीतरी धावते आहे तोपर्यंत त्याचे तोंड थांबत नाही. त्यात हौस नाही आणि सूडही नाही. निवांतपणा मिळाला असता तर उरलेले मांस त्याने नंतर येऊन नेलेही असते, परंतु माणसे जागी झाल्यावर तो परत कसा येणार?

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. आमच्या घरी लांडग्याने कोकरू नेले की आजी म्हणायची, ‘त्याचा वाटा त्यानं नेला.’ अनेक लेखक हे वाक्य ऐकून फार भारावून जातात आणि धनगर व लांडगा हे जणू सख्खे भाऊ असल्यासारखे लिहितात. आजी हे वाक्य म्हणताना आनंदी नसायची. शिवाय धूर करण्याचे काम आमच्याही लोकांनी केलेले आहे. एका वर्षी चुलत्यांनी केले होते, ते मी पाहिले आहे आणि त्याचे वर्णन करण्याची इच्छा नाही. तरी त्या ‘वाट्या’ला एक हिशेब होता. दोनशे मेंढ्यांच्या वाड्यातून वर्षाला चार-पाच कोकरे गेली, तर रोगराईने त्याहून जास्त जात. तो तोटा अंगावर घेता येत होता, आणि तो अंगावर घेण्याची रीत, म्हणजे कुत्री, माणसे, विस्तव, जागरण, पिढ्यान्‌पिढ्या बसलेली होती. तुमच्या अकरा शेळ्यांमधून एक गेली तर गोठ्याचा अकरावा हिस्सा गेला. तुम्ही आजीसारखे म्हणावे अशी अपेक्षा कोणी करू नये. माझे निरीक्षण असे आहे की आपल्या भागात लांडग्याशी खरे वैर मोठ्या वाड्यांचे नाही. ते वस्तीवर चार-दहा शेळ्या ठेवणाऱ्यांचे आहे, कारण त्यांच्यापाशी लांडग्याचा शेजार आहे पण त्या शेजाराची रीत नाही.

चांगली बाजू अशी की तुम्हाला आमच्यासारखे रोज मुक्काम हलवायचा नाही. ज्याचा गोठा एका जागी आहे त्याला पक्की भिंत बांधता येते. सहा फुटांची लोखंडी जाळी लावा, तिचा खालचा काठ हातभर जमिनीत पुरा आणि वर दगड रचा, कारण लांडगा उडी मारण्यापेक्षा उकरणे पसंत करतो. वर पत्रा टाकलात तर बिबट्याचीही सोय झाली. ऊस वाढल्यापासून आपल्या जिल्ह्यात त्याचीही भर पडली आहे. करडांना रात्री वेगळ्या, दार लागणाऱ्या खणात ठेवा. आणि शेळ्या दिवसा माळावर एकट्या सोडू नका. तुमच्या शेळ्यांचे नुकसान व्हायचे असेल तर ते रात्री गोठ्यात होण्याआधी दुपारी बोरीच्या झुडपाआड होईल.

कुसळी

वस्तीकर सर, मी काही वर्षे माळरानांवर काम करते आहे, म्हणून आपल्या मुलाविषयीच्या प्रश्नापुरते उत्तर देते. ‘लांडगा माणसावर कधीच येत नाही’ असे पुष्कळ निसर्गप्रेमी सांगतात. ते खरे नाही, आणि खोट्या धीराने कोणाचे भले होत नाही. नॉर्वेतील संशोधकांनी २००२ ते २०२० या काळातील जगभरच्या नोंदी तपासल्या, तेव्हा लांडग्याच्या हल्ल्यात सापडलेली ४८९ माणसे त्यांना आढळली आणि त्यांपैकी २६ दगावली होती. या ४८९ पैकी ३८० जणांना पिसाळलेल्या लांडग्याने चावा घेतला होता. भक्ष्य समजून केलेले हल्ले ६७ जणांवर होते. एकोणीस वर्षांत साऱ्या जगात एवढे.

अशा हल्ल्यांमध्ये आपला देशही आहे, हे मात्र लपवू नये. १९९६ मध्ये पूर्व उत्तर प्रदेशातील प्रतापगड, सुलतानपूर आणि जौनपूर या जिल्ह्यांत लांडग्यांनी लहान मुले उचलली. २०२४ च्या पावसाळ्यात बहराइच जिल्ह्यातील महसी तालुक्यात पुन्हा तसेच घडले आणि ते आपण सर्वांनी बातम्यांत पाहिले. दोन्ही ठिकाणच्या परिस्थितीत साम्य आहे. दाट वस्ती, दार नसलेली घरे, उघड्यावर झोपलेली लहान मुले, जंगली भक्ष्य जवळजवळ संपलेले. जी शेळी चांगली राखली जाते तिच्यापेक्षा न राखलेले मूल अशा ठिकाणी सोपे ठरते. हे वाक्य लिहिताना बरे वाटत नाही, पण तिथल्या गरिबीचे तेच वास्तव आहे. शिवाय असे हल्ले साऱ्या लांडग्यांचे नसतात. एखादे जनावर किंवा एखादी टोळी त्या सवयीला लागते. आपल्या माळावर शेळ्या-मेंढ्या भरपूर आहेत, काळवीट आणि ससे आहेत, आणि मेंढपाळांची मुले पिढ्यान्‌पिढ्या उघड्यावर झोपत आली आहेत. दहा-बारा वर्षांच्या मुलाने दिवसाउजेडी सायकलवरून जाण्यात मला धोका दिसत नाही. अंधारात मात्र त्याला एकट्याने पाठवू नका, आणि दोन-तीन वर्षांचे मूल घरात असेल तर त्याला संध्याकाळी अंगणात एकटे सोडू नका. तशी खबरदारी साप-विंचवासाठी आपण घेतोच.

ज्याची खरी भीती बाळगावी ती पिसाळण्याची. दिवसाढवळ्या वस्तीत शिरणारा, समोर येईल त्याला चावत सुटणारा आणि काहीही न खाता पुढे जाणारा लांडगा दिसला तर तो पिसाळलेला समजावा. चावा झालाच तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन लशीबरोबर जखमेत द्यावयाचे प्रतिपिंडांचे इंजेक्शनही घ्यावे. नुसती लस पुरेशी ठरत नाही. हा रोग लांडग्याला बहुतेक वेळा गावकुत्र्यांकडून लागतो. म्हणून आपल्या वस्तीवरच्या आणि शेजारच्या कुत्र्यांचे लसीकरण करून घेणे हा लांडग्यापासून मुलाचे रक्षण करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे, हे ऐकायला विचित्र वाटेल. कुत्र्यांचा आणखी एक उपद्रव असा की पुणे परिसरात लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचे जनुकीय तपासणीत सिद्ध झाले आहे. माळावर जोडीदार मिळेनासा झाला की असे घडते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासानुसार भारतीय लांडगा हा करड्या लांडग्याच्या आज हयात असलेल्या सर्वांत प्राचीन शाखांपैकी एक आहे, आणि देशात त्यांची संख्या दोन ते तीन हजारांच्या घरात मानली जाते. म्हणजे वाघापेक्षा लांडगा बहुधा कमीच आहे.

जागा मुळात कोणाची, हेही आपण विचारले आहे. इंग्रजांच्या राजवटीत मेलेला लांडगा दाखवला की इनाम मिळत असे. १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत सुमारे दोन लाख लांडगे इनामासाठी मारले गेले, असा इतिहासकार महेश रंगराजन यांचा हिशेब आहे. त्यातूनही तो टिकला, कारण माळ टिकला होता. नंतर उजनीचे पाणी आले, ऊस आला, द्राक्षबागा आल्या (सोनाका द्राक्षाचा जन्म नान्नजचाच आहे, याचा मलाही अभिमान वाटतो) आणि सरकारी दप्तरात ज्याला ‘पडीक’ म्हणत त्या गवतावर कुठे गिरिपुष्प लावले गेले, कुठे भूखंड पडले. १९७९ मध्ये इथे अभयारण्य झाले ते माळढोकासाठी, आणि तो माळढोक आता जवळजवळ दिसेनासा झाला. लांडग्याने मात्र जुळवून घेतले. तो अभयारण्यापुरता राहतच नाही. एका टोळीचा वावर शंभर चौरस किलोमीटरपेक्षाही मोठ्या टापूत असतो आणि त्यात तुमचे शेत, पाझर तलाव, रस्ता, सगळेच येते. त्यामुळे आपण चुकीच्या ठिकाणी घर बांधले असे म्हणता येणार नाही. त्याला टाळून बांधण्याजोगे ठिकाण आपल्या तालुक्यात फारसे उरलेले नाही.

आपल्या मुलासाठी एक भर. दुर्बिणीतून त्याला दोनपेक्षा जास्त मोठे लांडगे दिसले तर ते बहुधा याच जोडीचे मागच्या वर्षीचे अपत्य असेल. टोळीत सतत मारामारी करून कोणी एक नेता होतो, ही समजूत पिंजऱ्यात एकत्र कोंडलेल्या अनोळखी लांडग्यांच्या निरीक्षणातून पसरली. ती पसरवण्यात आपलाही हात होता हे मान्य करून डेव्हिड मेक या अभ्यासकाने १९९९ मध्ये ती दुरुस्त केली. रानातली टोळी म्हणजे आई, बाप आणि मुले. मोठे भावंड पोटातून मांस आणून पिल्लांपुढे ओकते, ते त्याला दिसले तर त्याने वही काढून वेळ लिहून ठेवावी.

बागायतदार, मोहोळ

वरची सर्व उत्तरे माहितीपूर्ण आहेत, तरी एक प्रश्न कोणीच विचारत नाही म्हणून मी विचारतो. लांडगा वाचावा ही देशाची इच्छा असेल तर त्याचा खर्च आमच्या गोठ्यातून का निघावा? दोन वर्षांपूर्वी माझ्या तीन शेळ्या गेल्या. पंचनामा झाला, कागद झाले आणि पुढे एका कार्यालयात ते इतके महिने पडून राहिले की चकरा मारण्यात गेलेल्या मजुरीचा हिशेब भरपाईच्या जवळ पोचला. दुसरीकडे सुटीच्या दिवशी शहरातून मोठ्या गाड्या येतात, माळावर चाकांच्या खुणा उमटवतात, लांडग्याचे छायाचित्र घेतात आणि आम्हाला ‘दादा, यांना मारू नका बरं’ असे सांगून जातात. कुसळीताईंचा रोख तसा नाही हे मला समजते. तरी सहा फुटांची जाळी, पत्रा, दरवाजा हे सगळे सांगणे सोपे आहे. त्याचे पैसे कोणी द्यायचे?

मेंढपाळाचा मुलगा, मंगळवेढा

दादा, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि त्याला माझ्यापाशी पुरते उत्तर नाही. उलट तुमच्या तक्रारीत आणखी एक भर घालतो. तुम्ही निदान गावचे आहात, तुमचा सातबारा आहे, तलाठ्याला तुम्ही माहीत आहात. फिरस्त्या मेंढपाळाची मेंढी मेली की पंचनाम्याच्या गावात तो चौथ्या दिवशी नसतो. त्याचा वाडा दोन गावे पुढे गेलेला असतो, पत्ता तिसऱ्याच तालुक्यातला असतो आणि भरपाई मंजूर झाली तरी ती त्याच्यापर्यंत पोचत नाही. लांडग्याला सर्वांत जास्त पोसणारा माणूस हाच, आणि भरपाई सर्वांत कमी मिळते तीही त्यालाच. वडिलांनी आयुष्यात एकदाही अर्ज केला नाही. त्यांना तो करता येतो हेच ठाऊक नव्हते.

जाळीच्या पैशांबद्दल एवढेच म्हणेन की मेल्या शेळीचे पैसे देण्यापेक्षा जिवंत शेळीच्या गोठ्याला पैसे देणे शहाणपणाचे आहे, हे मी दोन सभांमध्ये बोललो आहे. तेथे माना पुष्कळ डोलल्या. गाड्या घेऊन येणाऱ्यांनी एका फेरीच्या इंधनाचे पैसे एखाद्या वस्तीच्या जाळीला दिले तर चांगलेच होईल, पण ते त्यांना तुम्हीच सांगा. तुमचा आवाज माझ्यापेक्षा खणखणीत आहे.

वस्तीकर, उत्तर सोलापूर

सर्वांचे मनापासून आभार. सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा संपल्यावर, म्हणजे प्रश्न विचारल्यानंतर साधारण पाच आठवड्यांनी, काय झाले ते कळवतो.

वनपाल काकांचे उत्तर मी छापून पारावर वाचून दाखवले. कायद्याचा परिणाम अपेक्षेपेक्षा कमी झाला, पण ‘धूर केला तर ती पिल्ले घेऊन तुमच्याच घराकडे येईल’ या मुद्द्यावर लोक गप्प झाले आणि संक्रांतीपर्यंत बिळाकडे कोणी जायचे नाही असे ठरले. विष घालण्याची भाषा करणारे गृहस्थ शेवटपर्यंत बधले नाहीत. मात्र त्यांच्या भावाची दोन शिकारी कुत्री आहेत, आणि विष आधी कुत्रीच खातील म्हणून भावाने या गृहस्थांना घरातच थोपवले. मेंढपाळाने सुदैवाने मढी हलवली नव्हती. पंचनामा झाला, गळ्यावरच्या खुणा लांडग्याच्याच निघाल्या. तो आता तुळजापूरकडे पुढे गेला आहे. मंगळवेढ्याच्या सरांनी लिहिलेले वाचल्यामुळे मी त्याच्या अर्जावर पत्रव्यवहारासाठी माझा पत्ता आणि दूरध्वनी दिला. पैसे अद्याप आलेले नाहीत.

गोठ्याला जाळी, पत्रा आणि लोखंडी दार असे मिळून अठ्ठावीस हजार रुपये लागले. त्यांतील निम्मे पत्नीने बचत गटातून घेतले. मोहोळच्या दादांना सांगतो की ते हप्ते भरताना तुमचा प्रश्न मला दर महिन्याला आठवणार आहे. एक करडू मात्र जाळी लागण्यापूर्वीच गेले, तेही भर दुपारी आणि बोरीच्या झुडपाआडच.

बीळ आता रिकामे आहे. चार दिवस कोणी दिसले नाही म्हणून मी आणि धाकटा ओढ्यात उतरून पाहून आलो. तोंडाशी हाडे, काळविटाचे एक खूर, चघळून चपटी केलेली पाण्याची बाटली आणि एक रबरी चप्पल पडली होती. चप्पल उचलल्यावर मुलगा काही वेळ बोलला नाही. ती त्याचीच होती. महिन्यापूर्वी ओसरीच्या पायरीवरून नाहीशी झाली म्हणून त्याने बोलणी खाल्ली होती. गावातल्या कुत्र्याने ती नेऊन टाकली असेल असे मी घरी सांगितले. पत्नीने ते ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवशी ओसरीच्या दाराला खालून आणखी एक कडी बसवून घेतली.